सस्कॅचेवान हा कॅनडाचा प्रांत अमेरिकेचं राज्य असता, तर तो कुठे बसला असता?

क्षेत्रफळात अलास्का आणि टेक्सासच्या खालोखाल तिसरा, पण लोकसंख्येत अगदी शेवटच्या काही राज्यांत. दोन्ही देशांच्या जनगणनेचे आकडे शेजारी ठेवले की हे लगेच कळतं: सुमारे ६.५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा प्रदेश, आणि २०२१ मध्ये माणसं जेमतेम ११.३ लाख. मेनपेक्षा कमी, ऱ्होड आयलंडपेक्षा किंचित जास्त. १०.८ लाखांच्या मोंटानाला प्रतिनिधीगृहात २ जागा आहेत, त्यामुळे इथेही २ धरा. २ सिनेटर मिळून अध्यक्षीय निवडणुकीत ४ मतं. आज ओटावात, म्हणजे कॅनडाच्या संसदेत, या प्रांताचे १४ खासदार आहेत.

खरं वजन मात्र जमिनीतलं. जगातलं जवळपास एक तृतीयांश पोटॅश (खतात वापरलं जाणारं खनिज) इथून निघतं, उत्तरेला युरेनियमच्या खाणी आहेत, आणि भारतात येणाऱ्या कॅनेडियन मसुराचा मोठा वाटा याच मातीतला. अमेरिकेच्या शेतीसाठी हे राज्य फार महत्त्वाचं ठरलं असतं.

राजकारणाचा अंदाज बांधताना मात्र सावध राहा. २०१९ आणि २०२१ मध्ये सगळ्या १४ जागा उजव्या विचारांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला गेल्या, म्हणून याला दुसरं नॉर्थ डकोटा, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा हमखास गड, समजू नका. सर्वांसाठी सरकारी आरोग्य विमा उत्तर अमेरिकेत सर्वात आधी, १९६२ मध्ये, याच प्रांताने लागू केला, तोही डॉक्टरांचा संप सोसून. ती व्यवस्था सोडायला तिथला कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह मतदारही सहज तयार होईल असं मला वाटत नाही.