ठेव मोडा, पण स्लॅबसाठी नको

प्रश्न : दिवेआगरला आमचं जांभ्याचं कौलारू घर आहे. निसर्ग वादळात अर्धं छप्पर उडालं, तेव्हापासून मे महिना आला की झोप लागत नाही. ठेकेदार स्लॅबचे १४ लाख सांगतो. माझी निवृत्तीची ६ लाखांची ठेव पतसंस्थेत आहे, उरलेले ८ लाख मुलगा कर्ज काढून देईल. सुतार म्हणतो, वासे-रिपा बदलून कौलंच पक्की बसवायला १,६०,००० पुरतील. घरपट्टी अजून सासऱ्यांच्या नावे आहे. काय करू?

ताई, ३ जून २०२० ची ती दुपार पाहिलेल्या माणसाला स्लॅब हवासा वाटणारच. पण आपल्या किनाऱ्यावर स्लॅब पडला की दोन-चार पावसांत गळायला लागतो आणि त्यावर पत्र्याची शेड चढते. पुढच्या वादळात आधी उडते ती हीच शेड. म्हणजे १४ लाख घालूनही तुमची मे महिन्यातली झोप परत येईलच असं नाही. शिवाय जुन्या जांभ्याच्या भिंती स्लॅबचं वजन पेलतील का, की कॉलम उभे करावे लागतील? त्या १४ लाखांत कॉलम धरलेत का, हे ठेकेदाराला विचारलंत?

आता कर्जाचं. घर सासऱ्यांच्या नावे असताना त्यावर तारण कर्ज मिळणं कठीण. मुलाला वैयक्तिक कर्ज घ्यावं लागेल. ८ लाख, १२ टक्के व्याज, ५ वर्षं धरली तर हप्ता महिना १७,८०० रुपयांच्या आसपास बसतो. आणि तुमच्या हाताशी ठेव शून्य. आणि घरात पैसा लागतो तो नेमका वादळानंतरच.

सुताराचं ऐका. वासे भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी जखडून घ्या, वळचणीच्या पहिल्या दोन ओळी तारेने बांधा, कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, सिमेंटात बसवा. वारा कौलाला उचलतो तो वळचणीकडून. घरावर कललेला माड असेल तर तोही उतरवा. जीवावर येतं, मला माहीत आहे.

यासाठी ठेव मोडायला माझी हरकत नाही. खरं तर ती पतसंस्थेत आहे हीच मला जास्त काळजी. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. मुदतीआधी मोडल्याने किती व्याज कापतात ते विचारा, मुदत जवळ असेल तर थांबा. उरलेले ४,४०,००० बँकेत ठेवा आणि एका पावतीऐवजी तीन पावत्या करा. पुढे गरज पडली तर एकच मोडेल.

मग विमा. ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळते. तिच्यात वादळ, पूर आणि घरावर झाड पडून झालेलं नुकसानही येतं. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चाची धरा, जागेची किंमत त्यात घालू नका. त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, इतकं घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. अर्जात ‘जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर’ असं स्पष्ट लिहा, लपवू नका. त्याआधी ग्रामपंचायतीत वारसांची नोंद करून घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी घर कुणाचं यावरच गाडं अडेल. आणि वादळ समुद्रात उठल्यावर पॉलिसी काढू, या भरवशावर राहू नका.

नारळ-पोफळीची वाडी असेल तर ती या विम्यात येत नाही. निसर्गनंतर सरकारने बागायतीला हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले, म्हणजे गुंठ्याला साधारण ५००. तुमच्याकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात आणि नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. तेव्हा वाडीचं उत्पन्न घरखर्चात धरत असाल, तर वर्षभराच्या खर्चाइतकी एक पावती तिच्यासाठी वेगळी ठेवा.

सुताराला दिवाळीनंतर लगेच सांगून ठेवा, शिमग्यानंतर तो सापडणार नाही. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, सामानाबरोबर वीस हजार रोख, तीही शंभर-दोनशेच्या नोटांत, घरात ठेवा. वीज गेली की एटीएम नाही आणि मोबाइलवरून पैसेही जात नाहीत.