बी.कॉम.नंतर सोलापुरात एलएल.बी. करण्यात अर्थ आहे का?

बी.कॉम.ला ५३ टक्के आहेत, सीईटीत (प्रवेश परीक्षेत) गुण बेताचेच पडतील, तेव्हा पुण्यात प्रवेश न मिळाल्यास सोलापुरात शिकून पोट भरेल का, असे आपण विचारले आहे. मी इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो.

प्रवेशाची काळजी आपण जरा जास्तच करत आहात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला खुल्या प्रवर्गासाठी पदवीचे ४५ टक्के पुरतात आणि सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयासारख्या ठिकाणी चुरस असणारच. पण पहिल्या फेरीचा कट-ऑफ पाहून धीर सोडण्याऐवजी आपल्या प्रवर्गाचा गतवर्षीच्या शेवटच्या फेरीतला आकडा पाहावा, आणि पसंतीक्रम इच्छेनुसारच भरावा.

खरा कस सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावर लागतो. सकाळी सीनियरच्या ऑफिसात फायली लावायच्या, अकराच्या आत बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहून ठेवायचा, पुकारा झाला की उभे राहून तारीख मागायची, दुपारी कोर्टाच्या कागदपत्रांच्या नकलेचे अर्ज द्यायचे. या कामाचे पहिली दोन-तीन वर्षे जे मिळते, त्यात पेट्रोल सुटले तरी पुष्कळ. शिवाय वकील परिषदेच्या नियमांनुसार वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. न्यायाधीश होण्याचा विचार असला तरी हा काळ चुकत नाही, कारण २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली आहे. तेव्हा कट-ऑफच्या आधी घर आपल्याला किती वर्षे सांभाळू शकेल, हे वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोलून घ्यावे.

कंपन्यांच्या कामाची ओढ असेल, तर पुण्यासाठी जरूर धडपडावे. कोर्टातच उभे राहायचे असेल, तर जिथे वकिली करायची तिथेच शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दयानंद विधी महाविद्यालयात शिकताना सुट्टीच्या दिवसांत एखाद्या सीनियरकडे बसता येते आणि पक्षकारांना, कारकुनांना आपला चेहरा माहीत होतो. त्यातच १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्याने सोलापूरच्या अपिलांसाठी मुंबई गाठावी लागत नाही, आणि इथल्या ज्युनियरलाही उच्च न्यायालयाचे काम जवळून पाहता येते. वाटणीचे दावे आणि मोटार अपघाताची प्रकरणे इथे सगळेच चालवतात. आपण मात्र बी.कॉम. आहात, कलम १३८ चे न वटलेल्या चेकचे खटले, जीएसटी, सहकारी संस्थांचे वाद यांत ताळेबंद वाचता येणारा ज्युनियर सहसा सापडत नाही, त्यामुळे सीनियर निवडताना अशी कामे कोणाकडे आहेत, याची आधी चौकशी करावी.