आधी टाकीत हात घाला

या महिन्यात कोंबड्या पाळणाऱ्यांची सतरा पत्रं आली. त्यातल्या अकरा पत्रांत विचारणा एकच: "कोणतं औषध देऊ?" मी दारव्ह्याकडे तीस वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरी केली. आता घरामागे स्वतःच्या चारशे कोंबड्या आहेत आणि औषधांची दोन खोकी माझ्याही माळ्यावर पडून आहेत. पण औषधाचं नाव सांगण्याआधी मला हे कळायला हवं की कोंबडीच्या पोटात काय जातं, किती वाजता जातं आणि तिचं पाणी कुठून येतं. ज्यांनी हे लिहिलं त्यांची पत्रं आधी घेतली. बाकीच्यांनी रागावू नये, तेवढी माहिती घालून पुन्हा लिहावं.

प्रश्न : माझ्याकडे पिंजऱ्यात २,००० लेअर (अंड्यांच्या कोंबड्या) आहेत, वय ६४ आठवडे. एप्रिलपासून अंडं हातात घेतलं का फुटून राह्यलं. कॅल्शियमचं टॉनिक तीनदा बदललं. दुपारी कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकतात. खाद्य सकाळी नऊला आणि दुपारी तीनला देतो. पाण्याची काळी टाकी शेडच्या टिनावर आहे. (हिंगणघाट तालुका)

उत्तर : भाऊ, पत्रातली शेवटची दोन वाक्यं सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली.

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंगच ४१ अंशांचं असतं. बाहेर ४५ झालं की अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे धाप हाच मार्ग उरतो. धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्तातला बायकार्बोनेट कमी होतो. अंड्याचं कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचंच असतं, आणि त्यातला कार्बोनेट याच बायकार्बोनेटमधून येतो. म्हणजे कॅल्शियम कितीही पाजलं तरी त्याचा जोडीदारच हवेत उडून चाललाय. म्हणून तीन बाटल्या बदलूनही फरक पडला नाही.

आता वेळेचं पाहा. कवच मुख्यतः रात्री बनतं आणि एका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. तुमचं खाद्य नऊला पडतं, तेव्हा ऊन चढलेलं. तीनला पडतं, तेव्हा तर कोंबडी गव्हाणीकडे बघतही नाही. रात्री कवच बनायच्या वेळी आतडं रिकामं, मग ती हाडातून कॅल्शियम काढते. त्यात वय ६४ आठवडे. या वयात अंडं मोठं होतं, कवचाचा माल मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे ते पातळ पसरतं. थोडं फुटणं या वयात धरूनच चालायचं.

पहाटे पाचला खाद्य टाका. सकाळी दहा-अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत गव्हाणी रिकाम्या राहिल्या तरी चालेल. संध्याकाळच्या खाद्यात चुनखडीची भुकटी थोडी कमी करून शिंपल्याचे किंवा चुनखडीचे २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे घाला. भुकटी लवकर पुढे सरकते, तुकडे पेटीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, राहून रात्रभर हळूहळू विरघळतात. खाण्याचा सोडा टनाला २ किलो, आणि तेवढ्या हिशेबाने मीठ कमी. मध्यरात्री तासभर दिवा लावून खाऊ घालणारेही आहेत. तुमच्याकडे रात्री लाइन टिकत असेल तर करून बघा.

पण हे सगळं पाण्यानंतर. मे महिन्यात असाच एक शेड बघायला गेलो होतो. दुपारी अडीच वाजले होते. मालक मला पंखे दाखवत होता. मी पाण्याच्या ओळीतल्या शेवटच्या निपलखाली (कोंबडी चोचीने दाबून पाणी पिते ती तोटी) स्टीलचा पेला धरला, पेला भरेपर्यंत थांबलो आणि त्यात थर्मामीटर बुडवला. ३९. कोंबडीच्या अंगापेक्षा दोनच अंश कमी. एरवी कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात चौपट. पण ते गरम असेल तर पीत नाही, आणि पाणी नाही म्हटल्यावर खातही नाही. मालकाने पेल्यात बोट घातलं आणि म्हणाला, "हे तं भांडे घासाचं पाणी हाय जी." त्याने टाकी खाली घेतली, झाडाच्या सावलीत ओट्यावर ठेवली, भोवती बारदाना गुंडाळून त्यावर ठिबकची नळी सोडली. पाइप टिनाखालून काढून जमिनीत पुरला. दुपारी दोनदा ओळीतलं गरम पाणी सोडून देतो. खर्च पाहाल तर तुमच्या तिसऱ्या टॉनिकपेक्षा फार नसावा.

टिनावर चुना मारा, कडेला पोत्यांचे पडदे ओले ठेवा. फॉगर, म्हणजे पाण्याचा बारीक फवारा, असेल तर एक सांगून ठेवतो. आपला एप्रिल-मे कोरडा, तेव्हा फॉगर चांगलं काम करतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की घरचा कूलर कसा अंगाला चिकचिक करतो? तसंच शेडमध्ये होतं. हवेत आधीच ओल, त्यात फॉगर, मग धापेने अंग थंड होणार कसं? नवतपा निभावून नेलेले लोक जूनच्या पहिल्या दमट आठवड्यात पक्षी गमावतात, ते यामुळे. तेव्हा फॉगर बंद आणि पंखे चालू.

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे ३०० गावठी-संकरित पक्षी आहेत. सोयाबीनला भाव नाही म्हणून घरचंच सोयाबीन आणि ज्वारी चक्कीवर भरडून देतो. प्रथिनं भरपूर मिळतील असं वाटलं. पण दोन महिन्यांची पिल्लं महिन्याची दिसतात, विष्ठा चिकट पडते. जंताचं औषध दिलं, उपयोग नाही. (कारंजा तालुका, वाशीम)

उत्तर : ताई, हिशेब तुमचा बरोबर होता. सोयाबीनमध्ये ३८ ते ४० टक्के प्रथिनं असतातच. पण कच्च्या दाण्यात एक असा पदार्थ असतो जो कोंबडीच्या पोटातला प्रथिनं पचवणारा रस बांधून टाकतो. त्याला ट्रिप्सिन इनहिबिटर म्हणतात. स्वादुपिंड जास्त रस काढायच्या धडपडीत सुजतं, आणि खाल्लेलं सोनं विष्ठेतून शेडमध्ये अंथरलेल्या तुसात जातं. जंतांचा यात काही दोष नाही.

उष्णतेने हा पदार्थ मोडतो. म्हणून गिरणीतून तेल काढून आलेली भाजलेली सोया ढेप, बाजारात जिला डीओसी म्हणतात, ती चालते. तिच्यात प्रथिनंही ४५ टक्क्यांच्या आसपास. मला विचाराल तर सोयाबीन विका आणि डीओसी आणा. घरी भाजायचंच असेल तर दाणे भिजवून अर्धा तास उकळा आणि कडक वाळवा, किंवा लोखंडी कढईत वाळूबरोबर साल तडकून दाणा आतपर्यंत सोनेरी होईस्तोवर भाजा. जळवू नका, काळ्या दाण्यातली प्रथिनं वाया जातात.

नीट भाजलं की नाही हे घरी तपासता येतं. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिया फोडणारं एक विकर असतं आणि तेही भाजल्यावरच मरतं. बरणीत एक चमचा सोयाबीनचं पीठ, एक चमचा शेतात टाकतो तोच युरिया आणि अर्धी वाटी कोमट पाणी घाला. कागदाच्या पट्टीला ओली हळद लावून ती पट्टी पाण्याला न टेकेल अशी झाकणात अडकवा. वीस मिनिटांनी झाकण उघडा. अमोनियाचा झणका आला आणि हळद लालसर झाली तर दाणा कच्चा. पिवळी राहिली तर द्या. बरणीतलं मिश्रण मात्र उकिरड्यावर लांब फेका, युरिया कोंबडीच्याच नव्हे, गाईच्याही तोंडी लागता कामा नये.

ज्वारी पांढरी असेल तर उत्तम. लालसर कडवट ज्वारीत टॅनिन जास्त, ती कमी ठेवा. आणि ज्वारी-सोयाबीन दोन्हीत मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) कमी पडतं, पिसं विरळ येतात ती त्यामुळे. मेथिओनिन असलेलं मिनरल-व्हिटॅमिन मिश्रण पाकिटावरच्या मापाने घाला, अंदाजाने मूठभर नको.

सोंगणीच्या वेळी भिजलेलं, बुरशी धरलेलं सोयाबीन कोंबड्यांसाठी बाजूला काढायची आपल्याकडे सवय आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी मेले आणि कारण निघालं भुईमुगाच्या ढेपेतली बुरशी. अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला त्यातून कळलं. भाजून हे विष जात नाही.

प्रश्न : सरकी ढेप घरची आहे, म्हशीला देतो तीच थोडी कोंबड्यांना दिली. गिऱ्हाईक अंडी परत आणतात, बलक हिरवट-काळसर निघतो म्हणतात. रोग आहे का? (वणी)

उत्तर : रोग नाही, ढेप आहे. सरकीतलं गॉसिपॉल बलकातल्या लोहाशी जुळतं आणि अंडं काही दिवस ठेवलं की बलक शेवाळी दिसतो. पांढरा भाग गुलाबी झाला तर तेही सरकीच्याच तेलामुळे. म्हशीच्या पोटातल्या मोठ्या कोठ्यात गॉसिपॉल बरंचसं निकामी होतं, कोंबडीकडे तो कोठा नाही. अंड्यावरच्या कोंबडीला सरकी देऊ नका. आज बंद केली तरी उद्या बलक पिवळा होणार नाही, कारण एकेका बलकाला भरायला साधारण दहा दिवस लागतात. तोवर गिऱ्हाईकाला खरं सांगा.

प्रश्न : करारावर ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्या) करतो. जानेवारीत ३,००० पिल्लं टाकली. १४० मेली, बाकीची सरासरी १.९६ किलोला उचलली. खाद्य १०४ क्विंटल लागलं. मजुरी कापली गेली. पुढच्या बॅचला पहिल्या दिवसापासून कोणतं अँटिबायोटिक चालू करू? (उमरेड तालुका)

उत्तर : कोणतंच नाही. आजार नसताना पहिल्या दिवसापासून पाजलेलं अँटिबायोटिक खऱ्या आजारात कामाला येत नाही. कोलिस्टिन तर अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांत वापरायला २०१९ पासून आपल्या देशात बंदीच आहे. कोणी जुनी पाकिटं देत असेल तर घेऊ नका.

तुमचेच आकडे मांडू. वजन उचललं सुमारे ५६ क्विंटल, खाद्य गेलं १०४. भागाकार १.८६, म्हणजे किलोभर वजनाला १.८६ किलो खाद्य. या वजनाला आजकालचा पक्षी १.६च्या आसपास बसायला हवा. म्हणजे साधारण १४ क्विंटल खाद्य मांस न होता कुठेतरी गेलं.

मला दोन जागांचा संशय आहे. एक, जानेवारीची थंडी. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३३ ते ३५ अंश ऊब लागते. ती मिळाली नाही की ते गोळा होऊन बसतं, खाद्यापर्यंत जात नाही. चाळीस ग्रॅमचं पिल्लू सातव्या दिवशी किमान चौपट भरायला हवं. तुम्ही वजन केलं होतं का? पत्रात नाही. पुढच्या वेळी पिल्लं टाकल्यावर दुसऱ्या दिवशी वीस पिल्लांची गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपा. भिजल्या पिठासारखी मऊ आणि भरलेली लागली तर ठीक. रिकामी लागली तर खाद्य दिसत नाही. कडक लागली तर खाल्लंय, पण पाणी सापडलं नाही.

दोन, खाद्याची भांडी. काठोकाठ भरलेल्या भांड्यातून पक्षी चोचीने उडवतो आणि ते तुसात मिसळतं. भांडं एक-तृतीयांशच भरा, काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि पक्षी वाढेल तसं वर ओढत चला. उंदरांचंही बघा, गोदामातली पोती भिंतीला टेकवून रचली असतील तर ते तुमच्याआधी जेवतात.

प्रश्न : मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पाण्यातून दिली तरी पक्षी मेले. लस खोटी असते का? (दिग्रस)

उत्तर : असूही शकते, पण आधी माझी गोष्ट ऐका. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका शेडला पाण्यातून लस दिली. बर्फ होता, मुदत होती, पक्षी दीड तास तहानलेले ठेवले होते, सगळं पुस्तकाप्रमाणे. पंधरा दिवसांत मानमोडी आली. नंतर कळलं, गावात कॉलऱ्याची बोंब होती म्हणून मालकाने आदल्या संध्याकाळी टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली होती. जिवंत लस क्लोरीनमध्ये मिनिटांत मरते. त्याने सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. दोष माझा.

लसीच्या आधी दोन दिवस पाण्यात ब्लीचिंग किंवा दुसरं जंतुनाशक नको. साय काढलेल्या दुधाची पावडर लिटरला ५ ग्रॅम मिसळून दहा मिनिटांनी लस घाला. उरलासुरला क्लोरीन ती पावडर गिळते. पाणी तास-दीड तासात संपेल एवढंच करा, तेही उन्हं चढायच्या आत.

तो मालक पुढे माझा मित्र झाला. लसीच्या दिवशी मी पोहोचलो की तो अजूनही आधी मला शिडी लावून देतो आणि म्हणतो, "साहेब, पहिले टाकीचा वास घ्या."