एकदा झालं की दुसऱ्यांदा होतच नाही, ताई!

पत्र, थोडक्यात: "ताई, वय 34, लग्नाला तीन वर्षं झाली. पंचविशीत अर्ध्या तासात परत तयार व्हायचो. आता पहिल्या वेळी काही अडचण नसते पण एकदा झालं की डायरेक्ट दुसऱ्या दिवशीच. मित्र तर रात्रीत तीनदा म्हणतो. परवा मी कूस बदलून मोबाईल बघत होतो तर बायको म्हणाली, 'झालं एवढ्यात?' तेव्हापासून डोकं फिरलंय. मित्राने चार निळ्या गोळ्या दिल्यात, गाडीच्या डिकीत लपवून ठेवल्यात. वडिलांना शुगर आहे. मला कमजोरी आलीय का? – पिंपरीचा वाचक"

अहो दादा, पहिल्या वेळी अडचण नाही असं तुम्हीच लिहिताय, मग कमजोरी आली कुठून? वीर्य बाहेर पडलं की पुरुषाचं शरीर काही वेळ परत तयार व्हायला साफ नाही म्हणतं, मनात कितीही असू दे. ह्याला रिफ्रॅक्टरी पिरियड म्हणतात, मास्टर्स आणि जॉन्सन ह्या अमेरिकन जोडीने लॅबमध्ये माणसांचं प्रत्यक्ष निरीक्षण करून 1966 साली हे सगळं मांडलं, म्हणजे तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून डॉक्टरांना माहितीये. विशीत काही मिनिटं, पुढे तास, कुणाला अर्धा दिवस, आणि पन्नाशीनंतर एक दिवस किंवा जास्तही लागतो. तुमचा एक दिवस चौतिशीच्या मानाने जरा लांब वाटेल, पण ह्यात माणसामाणसात एवढा फरक असतो की आजार म्हणायला तेवढं पुरत नाही. नाईट शिफ्ट, अपुरी झोप, दोन पेग, डोक्यातलं टेन्शन, सगळ्याने तो लांबतो. नेमका कशामुळे होतो हे अजून पक्कं कळलेलं नाही, वर्षानुवर्षं प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनवर खापर फोडलं जायचं पण 2021 मध्ये पोर्तुगालच्या संशोधकांनी उंदरांवर तपासलं तर तिथे तरी ते दोषी निघालं नाही.

मित्राचं तीनदा सोडून द्या, ते मोजायला कुणी गेलेलं नसतं.

आता खरा मुद्दा. बायकांच्या शरीरात अशी सक्तीची सुट्टी नसते, त्यामुळे तुमचं संपलं तेव्हा तिचं अजून चालूच असू शकतं. 'झालं एवढ्यात?' हे तुम्ही दुसऱ्या राउंडची मागणी समजलात, मला तर वाटतं तुम्ही लगेच पाठ करून मोबाईल उघडलात त्यावर ती बोलली, किंवा तिचं व्हायचंच राहिलं होतं. दोन्हीवर उपाय तुमच्याकडे आहे आणि त्याला ताठरपणा लागत नाही, हात आहेत, तोंड आहे, जवळ घेऊन पडून राहणं आहे. तिलाच विचारा ना नेमकं काय म्हणायचं होतं, पण पलंगावर नको, दिवसा चहा पिताना विचारा, तेव्हा बोलणं सोपं जातं. तुम्ही मला एवढं मोठं पत्र लिहिलंत आणि तिला एक शब्द नाही, कमाल आहे!

त्या निळ्या गोळ्यांचं. बहुतेक सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध असेल, पण उन्हात तापलेल्या डिकीतल्या, बिल नसलेल्या गोळीत काय आहे ते मित्रालाही माहीत नसणार. सिल्डेनाफिल असली तरी ती रक्तपुरवठा वाढवते, इच्छा आणत नाही, आणि मुळात तुम्हाला ताठरतेची तक्रारच नाहीये. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने ही घेतली तर बीपी एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं, म्हणूनच ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असा नियम आहे. मित्राला परतही करू नका, तो अजून कुणाला तरी देईल.

डॉक्टरकडे कधी जायचं? पहिल्या वेळीही ताठरता येईनाशी झाली किंवा टिकेना आणि असं महिनोन् महिने चाललं, सकाळी उठताना येणारी ताठरता बंद झाली, इच्छाच मेली, किंवा डिप्रेशनची गोळी सुरू केल्यावर फरक पडला तर (गोळी मनाने बंद करू नका हां). अशा वेळी फॅमिली डॉक्टर किंवा युरोलॉजिस्ट, भिंतीवर रंगवलेला गुप्तरोगवाला नाही. ताठरतेचा त्रास कधीकधी शुगरची किंवा हृदयाची पहिली खूण असतो. तुम्हाला तो नाहीये, तरी वडिलांना शुगर आहे म्हणून एकदा एचबीएवनसी ही शुगरची रक्ततपासणी करून घ्या, त्याचा आणि परवाच्या रात्रीचा संबंध लावत बसू नका, चौतिशीत बघून ठेवलेलं बरं एवढंच.