सोनं निष्क्रिय असतं, मग सोन्याचे नॅनोकण पेशी का मारतात?

तुमचा प्रश्न असा, की सोनं कशाशी सहजी अभिक्रिया करत नाही, तरी एका प्रयोगात त्याचे नॅनोकण पेशी मारतात आणि दुसऱ्यात पेशी ठणठणीत राहतात, हे कसं? पेशीची गाठ सोन्याशी पडतच नाही. तिची गाठ पडते कणावरच्या थराशी.

मी तासगावचा, घरची द्राक्षबाग. फवारणीच्या टाकीत औषधाबरोबर स्टिकर घालतात, कारण मेणचट पृष्ठभागावर नुसता थेंब थांबत नाही, घरंगळतो. स्टिकर जास्त झालं तर पान करपतं. औषध मात्र तेच असतं. सोन्याच्या कणांचंही असंच आहे.

सोन्याच्या नॅनो-कांड्या बनवताना सीटॅब नावाचं धनप्रभारी, साबणासारखं रसायन वापरतात. पेशीचं आवरण मेदाचं आणि बाहेरून ऋणप्रभारी. सीटॅब त्याला चिकटतं आणि त्याला भोकं पाडतं. बऱ्याचदा तर कणांवरचं नव्हे, द्रावणात सुटं राहिलेलं सीटॅबच घात करतं. सायट्रेटचा, म्हणजे लिंबातल्या आम्लाच्या क्षाराचा थर असलेले गोल कण ऋणप्रभारी. ते सहसा इतका त्रास देत नाहीत.

पण खरी गंमत पुढे आहे. एमएस्सीला असताना सायट्रेटवाल्या सोन्याच्या लालभडक द्रावणात मी मीठ घातलं, तर ते क्षणात जांभळं-निळं झालं. मिठाने प्रभार झाकला गेला आणि कण एकमेकांना चिकटले. दुसऱ्या नळीत आधी अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घातलं, मग मीठ. रंग लालच राहिला! प्रथिनांनी कणांना वेढून टाकलं होतं. रक्तातही हेच होतं. कण शिरताच प्रथिनं त्याच्यावर बसतात, त्याला प्रोटीन कोरोना म्हणतात, आणि पेशी ओळखते ती हा नवा पोशाख. 2018 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या औषधाला वाहून नेणारे मेदकण यकृतात पोचतात ते रक्तातलं अपोलिपोप्रोटीन ई हे प्रथिन अंगावर चढल्यामुळे. उलट 1995 च्या डॉक्सिल या कर्करोगाच्या औषधाच्या मेदकणांवर पीईजी या पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचा थर मुद्दाम दिला, म्हणजे प्रथिनं कमी चिकटतील आणि औषध रक्तात जास्त वेळ फिरेल.

म्हणून दोन निकालांची तुलना करताना आधी पाहा, पेशी ज्यात वाढवल्या त्या माध्यमात सीरम, म्हणजे रक्तातला प्रथिनं असलेला द्रव, होतं की नव्हतं. झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणाच्या पृष्ठभागावरच्या प्रभाराचं माप, नुसत्या पाण्यात मोजलं असेल, तर त्यावरून पेशीजवळ काय घडलं ते कळत नाही. आणि प्रयोग तुम्ही स्वतः करणार असाल, तर सेंट्रिफ्यूजमध्ये कण खाली बसवून वरचं स्वच्छ द्रव तेवढं पेशींवर घालून बघा. त्यानेही पेशी मेल्या, तर सोन्याला दोष देऊ नका, कण पुन्हा धुवा.