आईच्या रजिस्टरपासून सुरुवात कर

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आई आशाताई आहे. गरीब देशांत लोकांचं आरोग्य आणि मिळकत सुधारायला सरकारनं काय करावं, हे पुराव्यावरून तपासणारे लोक असतात, असं मी वाचलं. मला तेच काम करायचं आहे. पण मी डॉक्टर नाही, इंग्रजी जेमतेम आहे. बाबा म्हणतात, असली नोकरी कोण देतं, एमपीएससी कर. काय करू?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. 'आई आशाताई आहे' हे तू ओळख म्हणून सहज लिहून गेलीस, पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

गावात कुणी बाळंत झालं की तुझी आई तिच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. बाळाचं वजन करते, अंगाला हात लावून गार-गरम बघते, दूध नीट ओढतंय का विचारते. या भेटींची कल्पना आली गडचिरोलीतून. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखायचा कसा आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं कसं, हेसुद्धा शिकवलं. अशी ३९ गावं होती. आणि शेजारची ४७ गावं अशी निवडली की तिथं ही सेवा नव्हती, पण जन्म-मृत्यूची मोजणी तितक्याच काटेकोरपणे व्हायची.

ही ४७ गावं नीट समजून घे, कारण तुला जे काम करायचं आहे त्याचा गाभा तिथं आहे. सेवा दिलेल्या गावांत आधी हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ च्या आसपास आला. त्यावर कुणीही म्हणू शकलं असतं की काळ बदलतोय, रस्ते झाले, दवाखाने वाढले, मृत्यू कमी व्हायचेच होते. पण त्याच वर्षांत त्या ४७ गावांतला आकडा साठीच्या आसपासच राहिला होता. म्हणून ते म्हणणं टिकलं नाही. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताईंच्या कामात घरभेटी आल्या. धोरण पुराव्यावरून ठरतं म्हणजे नेमकं काय होतं, हे तू रोज संध्याकाळी आईच्या पिशवीत बघते आहेस.

डॉक्टर नसणं ही अडचण नाही. या क्षेत्राला डॉक्टर लागतात, तितकेच 'कशाच्या तुलनेत?' असं विचारणारे लोकही लागतात, आणि तो प्रश्न संख्याशास्त्राचा आहे. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो आणि मायकल क्रेमर यांना मिळालं, ते गरिबी हटवण्याच्या उपायांना अशाच प्रयोगांची कसोटी लावण्यासाठी. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर. आपल्याकडे हे फार जणांना ठाऊक नसतं.)

बॅनर्जी आणि द्युफ्लो यांचा उदयपूरच्या गावांतला प्रयोग मला फार आवडतो. लस फुकट होती, तरी मुलांचं लसीकरण पूर्ण होत नव्हतं. काही गावांत ठरल्या दिवशी हमखास भरणारी शिबिरं ठेवली. काही गावांत शिबिरासोबत दर लशीला १ किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्या की ताटं दिली. काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं, नुसत्या शिबिरांच्या गावांत १८ टक्के, आणि डाळीच्या गावांत ३९ टक्के. 'डाळ वाटायला पैसे कुठून आणायचे?' हा सरकारी बाबूचा पहिला प्रश्न असतो. पण हिशेब केला तर डाळीमुळे दर मुलामागचा खर्च जवळपास निम्मा झाला. नर्सला दिवसाचा पगार द्यायचाच होता, त्याच दिवसात जास्त मुलं येऊन गेली. असा हिशेब मांडता येणारा माणूस खोलीत नसला, तर चांगली योजना पहिल्याच बैठकीत मरते.

आता दुसरी बाजूही ऐक. १० फेब्रुवारीला अंगणवाडीत आणि शाळेत जंताच्या गोळ्या देतात. यामागच्या पुराव्यात केनियातल्या ७५ शाळांतला एक गाजलेला अभ्यास आहे. गोळ्या दिल्यावर मुलांची गैरहजेरी जवळपास पाव हिश्शानं घटली, असं त्यात दिसलं. पुढं २० वर्षांनी त्याच मुलांची तासाची कमाई इतरांपेक्षा १३ टक्के जास्त असल्याचं त्याच चमूनं मांडलं. आरोग्यामुळे मिळकत वाढते का, या तुझ्या प्रश्नाला हे थेट भिडतं. पण २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मूळ आकडे पुन्हा तपासले, तेव्हा हिशेबात चुका सापडल्या आणि मोठा वाद झाला. गोळ्यांचा फायदा सगळीकडे इतका होतो का, यावर अजून एकमत नाही. तरी मला त्या अभ्यासाबद्दल आदर वाटतो, कारण चुका सापडल्या त्या मूळ लेखकांनी आकडे खुले केले म्हणून. या क्षेत्रात तुझी पत यावरच ठरेल.

आता नोकरीचं. सुरुवात बहुतेक वेळा सर्वेक्षणापासून होते. प्रश्नावली स्थानिक भाषेत बसवायची, सर्वेक्षकांना शिकवायचं, भरलेल्यांपैकी काही घरी पुन्हा जाऊन उत्तरं ताडून बघायची. मी शिकत असताना असं काम केलं आहे. 'बाळाला पहिलं दूध कधी पाजलं?' या प्रश्नाला एका वस्तीत सगळ्या जणी 'लगेच' म्हणत होत्या. सासू उठून आत गेल्यावर त्यातल्याच एकीनं हळूच सांगितलं, 'तिसऱ्या दिवशी.' मला ते ऐकू आलं, कारण मला तिची भाषा आणि तिची सासू दोन्ही कळत होत्या. तुला तर ते माझ्याहून जास्त कळेल. इंग्रजी दोन वर्षांत येतं. अहवाल वाचायला लाग, रोज एक पान, शब्दकोश शेजारी ठेवून. घरात बाळंतिणीशी कसं बोलायचं, हे मात्र कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही.

पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तुझ्यासाठी मी सगळ्यात वर ठेवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते, आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिथं जागा आहे. अर्थशास्त्राकडे ओढा वाटला तर पुण्याची गोखले संस्था किंवा गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था बघ. अमेरिकेतलं एमआयटी विद्यापीठ आणि बॅनर्जी-द्युफ्लो यांची 'जे-पाल' ही संशोधन संस्था मिळून विकास धोरणावरचे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतात. फुकट ऐकता येतील तेवढे ऐक. सोबत आकडेमोडीचं 'आर' हे सॉफ्टवेअर शिकून घे, तेही फुकट आहे.

बाबांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. २०२५ मध्ये अमेरिकेनं आपली मदत संस्था यूएसएड बंद केली आणि जगभर या क्षेत्रातल्या कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. प्रकल्पाचा पैसा संपला की नोकरी संपते, हे बाबांना ठाऊक नसलं तरी त्यांना वाटणारी भीती खरी आहे. म्हणून त्यांच्यापुढे तिसरा रस्ता ठेव. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा ही परीक्षा संख्याशास्त्राच्या पदवीवर देता येते, आणि आपल्या राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. दोन्हीकडे सरकारी नोकरीची शाश्वती आहे आणि काम आकड्यांचं आहे. एम.एस्सी. करताना ही तयारी होते, अभ्यासक्रम बराचसा तोच असतो. एमपीएससीच्या रांगेत पाच वर्षं उभं राहण्यापेक्षा तुझ्यासाठी हे मला कितीतरी बरं वाटतं.

पण हे सगळं पुढचं. परीक्षा संपली की एक काम कर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं हिंगोली जिल्ह्याचं माहितीपत्रक इंटरनेटवरून उतरवून घे. मग आईशेजारी बस. तिच्या रजिस्टरमधल्या कुणाचं नाव उतरवू नकोस, ती माहिती त्या घरांची आहे. आईला फक्त विचार, पत्रकातला कुठला आकडा तिला पटत नाही, कुठला रकाना तिला स्वतःला भरायला अवघड जातो, आणि का. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत दोन पानांत लिही आणि मला पाठव. मी वाट बघते आहे.