अनेक वर्षं उघड्यावर पडलेलं जुनं एक-सिलेंडर डिझेल इंजिन जाम आहे. पिस्टन न फोडता कसं मोकळं करायचं?

फ्लायव्हीलच्या आऱ्यांवर घण घालू नका, आधीच सांगतो. ओतीव लोखंड वाकत नाही, सरळ तडकतं, आणि मग चाकच गेलं.

हेड (सिलेंडरचं वरचं झाकण) काढा. बहुतेकदा सायलेन्सरमधून पावसाचं पाणी उघड्या राहिलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवाटे आत जातं आणि पिस्टनवरच्या रिंगा लाइनरला (सिलेंडरच्या आतल्या भिंतीला) गंजून चिकटतात. (नळकांड्यावर उपडा डबा ठेवला असता तर हे घडलंच नसतं.) पण आधी व्हॉल्व्ह आणि बेअरिंगही तपासा, जाम दरवेळी पिस्टनच असतो असं नाही.

पिस्टनच्या वर लाइनरच्या भिंतीवर चढलेला गंज बारीक एमरी कागदाने घासून साफ करा. हे टाळलं तर पिस्टन वर येताना त्या थरात पुन्हा अडकतो, रिंगा मोडतात. मग ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून ओता. ॲसिटोन पटकन पेट घेतं, जवळ आग नको. ते उडूनही जातं, म्हणून अधूनमधून भर घाला. आठवडाभर थांबा.

मग बोअरपेक्षा (सिलेंडरच्या आतल्या व्यासापेक्षा) किंचित लहान कडक लाकडी ठोकळा पिस्टनवर ठेवून हलके ठोके द्या. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आणि क्रँक एका रेषेत असतील तर कितीही ठोका, काही हलणार नाही. तेव्हा बिग एंडची (रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) कॅप सोडून पिस्टन खालून वर ढकला. केसभर हलला की पुन्हा तेल घाला, पुढे-मागे करत राहा. एका दमात ओढू नका.